आंबेडकरी जलसा

आंबेडकरी जलसा : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीचा विचार गाणे, बतावणी (दोन पात्रांचा खुसखुशीत संवाद) आणि वग (नाट्यरूप कथा) यांच्या आधारे वस्त्यावस्त्यांत पोचवणारा महाराष्ट्रातील लोककलाप्रकार. १९३० च्या दशकात तो बहरला. छापखाना, ध्वनिक्षेपक, कॅसेट आणि मोबाइल या साधनांनी त्याचे रूप वेळोवेळी पालटले.

त्याचा पूर्वज म्हणजे सत्यशोधक जलसा. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्याच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला मजकूर बदलला. गण (सुरुवातीचे नमन), गौळण (कृष्ण-गवळणींचा प्रवेश), बतावणी, वग ही चौकट लोकांच्या अंगवळणी पडलेली होती. ढोलकीवर थाप पडली की गाव गोळा होई, मग भटशाही, सावकारी आणि शिक्षण यांवर बोलता येई.

आंबेडकरी चळवळीला याची निकड अधिक होती. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. पण ज्यांच्यासाठी ही पत्रे निघत, त्या समाजाला पिढ्यानपिढ्या अक्षरापासून दूर ठेवलेले होते. छापलेला शब्द वस्तीपर्यंत नेण्याचे काम जलशाने केले. नाशिकचे भीमराव कर्डक हे या प्रकारातले अग्रणी. त्यांच्याच जिल्ह्यात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता, त्यामुळे विषय दाराशीच होते. ‘माझी दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच’, असे बाबासाहेब म्हणाल्याचे सांगितले जाते.

जलसा रात्री, कामधंदा आटोपल्यावर, गॅसबत्तीच्या उजेडात रंगे. साथीला ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज. ध्वनिक्षेपक नसे, म्हणून आवाज वरच्या पट्टीत लावावा लागे आणि मागचे झीलकरी, म्हणजे साथीचे गायक, ‘जी जी रं जी’ म्हणत ओळ उचलून धरत. गौळणीतल्या शृंगाराला फाटा दिलेला असे. खरी ताकद बतावणीत होती. एक पात्र म्हणे, मेलेले ढोर ओढणे हा आपला वाडवडिलांचा हक्क आहे. दुसरे त्याला खोदून खोदून विचारी : हक्क कसला? बदल्यात मिळते काय? समोर बसलेल्यांच्या मनातला संकोच आणि भीती पहिल्याच्या तोंडून बाहेर पडे आणि उत्तरही त्यांच्याच बोलीत मिळे. मृतमांस, दारू, देवदेवस्की, मुलींचे शिक्षण असे सगळे विषय या वादात येत. नुसत्या उपदेशाने जे साधले नसते ते या सवालजबाबाने साधले.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर गण-गौळणीची चौकट मागे पडली. तिची जागा बुद्ध-भीमगीतांच्या गायनपार्ट्यांनी आणि कव्वालीच्या सामन्यांनी घेतली. ध्वनिक्षेपकामुळे एकट्या गायकाचा आवाज मैदानभर पोचू लागला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे या काळाचे मोठे नाव. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या या कवीला अक्षरओळख मुंबईत, वयात आल्यावर झाली, आणि त्याने हजारो गीते रचली.

१९८० च्या दशकात कॅसेट आली. त्याआधी ग्रामोफोनची तबकडी काढणे मोठ्या कंपन्यांच्याच हाती होते. कॅसेट मात्र लहान उत्पादकालाही परवडे आणि घरच्या टेपवर तिची नक्कल निघे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज भीमजयंतीच्या मंडपांत आणि घराघरांत पोचले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे अनुयायी शिवाजी पार्कातल्या दुकानांवरून पुस्तकांबरोबर कॅसेटही नेऊ लागले. कॅसेटने या गाण्याला स्वतःची बाजारपेठ दिली, हे मोलाचे. पण काही मिनिटांच्या गाण्यात बतावणी मावत नाही. गौरव राहिला, वाद गळाला. हे नुकसान लहान नाही, कारण जलशाने माणसे बदलली ती वादातून.

मोबाइल आणि यूट्यूबने आणखी एक अडसर काढला. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गातात. त्यांच्या चित्रफिती लाखो लोकांपर्यंत गेल्या, त्यासाठी आधी कुठल्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या पसंतीची गरज पडली नाही. जलशाच्या व्यासपीठावर पूर्वी बहुतेक पुरुषच असत, त्या दृष्टीनेही हा बदल महत्त्वाचा आहे.

वादाचा धागा तुटला नाही तो शाहिरीच्या मंचावर. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा बळी गेला. त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांच्या बरोबरीचे संभाजी भगत आजही गाणे मध्येच थांबवून श्रोत्यांना प्रश्न घालतात. त्यांच्या संकल्पनेतून २०१२ मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक रंगभूमीवर आले. जालन्याकडच्या कलावंतांनी गाजवलेल्या या नाटकात यम आहे, शाहिरी आहे आणि वगातला सवालजबाबही आहे.