रोझेता (चित्रपट)

ज्याँ-पिएर आणि ल्युक दार्देन या बंधूंनी लिहून दिग्दर्शित केलेला हा फ्रेंच भाषेतील चित्रपट १९९९ साली प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण बेल्जियममधील लिएज शहराजवळच्या सेरँ या गावी झाले. कोळसा आणि पोलाद यांवर वाढलेल्या या म्यूज नदीकाठच्या गावातील उद्योग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खालावले, आणि त्या पडझडीत वयात आलेल्या पिढीची बेकारी हा दार्देन बंधूंच्या चित्रपटांत वारंवार येणारा विषय आहे.

मद्यासक्त आईसह कॅराव्हानच्या वसाहतीत राहणाऱ्या रोझेताला उमेदवारीचा काळ संपताच कारखान्यातून काढले जाते. वाफल (साच्यात भाजलेला गोड पदार्थ) विकणारा रिके हा तिचा एकमेव मित्र. तो मालकाच्या नकळत स्वतःचे वाफल विकतो हे ती मालकाला सांगते व त्याची जागा मिळवते. चित्रपटाच्या अखेरीस येणाऱ्या आत्महत्येच्या प्रयत्नापेक्षा हा विश्वासघातच अधिक मोलाचा मानावा लागतो, कारण नोकऱ्यांची टंचाई समदुःखी माणसांना एकमेकांविरुद्ध कसे उभे करते, हे त्यात कोणताही निवाडा न देता दिसते.

आलँ मार्कोएन यांच्या छायालेखनात हातात धरलेला कॅमेरा बहुतांशी रोझेताच्या पाठीमागे, अगदी जवळून धावतो, पार्श्वसंगीत नाही. या शैलीचे मूळ काही समीक्षक इटालियन नववास्तववादात (सामान्यांचे जीवन वास्तव स्थळी चित्रित करणाऱ्या युद्धोत्तर चळवळीत), तर काही फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँच्या चित्रपटांत शोधतात. तथापि दिग्दर्शकद्वयाने १९७० च्या दशकापासून वालोनियातील (बेल्जियमच्या दक्षिणेकडील फ्रेंचभाषक प्रदेशातील) कामगारांवर केलेल्या माहितीपटांना अधिक महत्त्व देणे सयुक्तिक वाटते.

मे १९९९ मध्ये कान महोत्सवात डेव्हिड क्रोननबर्ग यांच्या अध्यक्षतेखालील परीक्षक मंडळाने या चित्रपटाला पाम द'ऑर हा महोत्सवातील सर्वोच्च पुरस्कार दिला. बेल्जियन चित्रपटाला हा सन्मान प्रथमच मिळाला. पहिल्याच चित्रपटासाठी रोझेताची भूमिका करणाऱ्या एमिली दकेन (१९८१–२०२५) यांना अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून मिळाला.

तरुणांच्या रोजगारासाठीची बेल्जियमची ‘रोझेता योजना’ या चित्रपटामुळे आली आणि तिने अल्पवयीन कामगारांना किमान वेतनाहून कमी पगार देण्यास बंदी केली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ही दोन्ही विधाने सावधपणे घ्यावयास हवीत. कायद्याचा प्रस्ताव चित्रपटापूर्वीच तयार होता, केवळ त्यावर मतदान व्हायचे होते, असे ज्याँ-पिएर दार्देन यांनी पुढे एका मुलाखतीत स्पष्ट केले. तरुणांना कामावर घेण्याचे बंधन मालकांवर १९८० च्या दशकातील उमेदवारी योजनेतही होते. त्यामुळे चित्रपटाने योजनेला नाव व लोकांचे लक्ष मिळवून दिले, एवढेच म्हणणे अधिक ग्राह्य दिसते. शिवाय रोजगारमंत्री लोरेत ऑनकेलिंक्स यांच्या कारकिर्दीत डिसेंबर १९९९ मध्ये संमत होऊन २००० साली अमलात आलेला हा कायदा मुख्यतः भरतीविषयक होता. किमान ५० कामगार असलेल्या खासगी मालकांनी कामगारसंख्येच्या ३ टक्के इतक्या तरुणांना पहिल्या नोकरीचा करार द्यावा, असे त्याने ठरवले. नुकतेच शिक्षण सोडलेल्या २५ वर्षांखालील तरुणांचा प्रथम विचार व्हायचा, आणि तसे उमेदवार अपुरे पडल्यास वयोमर्यादा ३० पर्यंत वाढवण्याची तरतूद होती.