कोयनेला पैसा मिळाला, धरणग्रस्तांना जमीन का नाही?

कोयना धरणग्रस्त पर्यायी जमिनीसाठी आंदोलनाला बसले की पाटण-साताऱ्यात हमखास एक प्रश्न ऐकू येतो: इतक्या वर्षांनी आता कसली मागणी? त्याचं उत्तर प्रकल्पाला पैसा कसा उभा राहिला, या इतिहासात आहे.

कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवायचं, सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात सोडायचं आणि वीज करायची, हा विचार टाटांनी पहिल्या महायुद्धानंतर केला होता. मंदीत तो बारगळला. स्वातंत्र्यानंतरही घोडं पैशापाशीच अडलं. पहिल्या पंचवार्षिक योजनेत भाक्रा, दामोदर ही चालू कामं आधी धरली गेली. कोयनेला कोसी, कृष्णा, चंबळ आणि रिहांद यांच्या जोडीने नव्या कामांत जागा मिळाली. पाचांना मिळून तरतूद 40 कोटींची. पुढे जागतिक बँकेचं कर्ज आलं आणि 1962 मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहात वीज तयार होऊ लागली. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झालं, तरी धरण टिकलं. डागडुजी, मजबुतीकरण झालं, टप्पे वाढत गेले. चौथ्या टप्प्यासाठी पुन्हा जागतिक बँकेचंच कर्ज घेतलं. मार्च 1999 मध्ये लेक टॅपिंग, म्हणजे जलाशयाला पाण्याखालून छेद देऊन पाणी बोगद्यात घेण्याचं काम, झालं. आज प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॅट आहे.

म्हणजे विजेसाठी पैसा दर वेळी कुठून ना कुठून उभा राहिला. कोयना धरणाच्या जलाशयाखाली, शिवसागराखाली, ज्यांची भातखाचरं आणि घरं गेली, त्यांच्यासाठी मात्र तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. राज्याने तो केला 1976 मध्ये, आणि कोयनाकाठची माणसं त्याआधीच उठली होती. कुणी सोलापूरकडे, कुणी सांगलीकडे, कुणी ठाणे-रायगडात गेलं. कोकणच्या पावसाशी नातं असलेल्या कुटुंबाला माणदेशासारख्या कोरड्या मुलखात जमीन दाखवणं हे मला आजही पुनर्वसन वाटत नाही.

नव्वदच्या दशकात पैशाचा वाद पुन्हा पेटला. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेलं 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मे 2000 पर्यंत अडवायचं, म्हणून 1996 मध्ये कृष्णा खोरे महामंडळ निघालं. सरकारच्या हमीवर चढ्या व्याजाचे रोखे काढून लोकांकडून कर्ज उभारलं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांना पैसा मिळाला, पण व्याजाचा बोजा तिजोरीवर बसला आणि कामं रेंगाळली. दुष्काळी तालुक्यांना पाणी हवंच होतं, त्यात दुमत नाही. पण घाई पाणी अडवण्याची होती. उठलेल्या गावांसाठी तशी मुदत कुणी घातली नाही.

त्यामुळे आजची भांडणं कागदावरची आहेत. संकलन रजिस्टरमध्ये, म्हणजे धरणग्रस्त खातेदारांच्या सरकारी नोंदवहीत, आजोबांचं नाव आहे का, संपादनाच्या नोंदीत क्षेत्र किती लागलंय, वारस लागलेत का. नाव नसेल तर जमिनीचा अर्ज पुढे सरकत नाही. म्हणूनच संकलन पूर्ण करून पात्र खातेदारांना जमीन वाटा, ही मागणी दर आंदोलनात पहिली असते.