प्लूम मोजतात कसा? फुटलेली तेलविहीर, ज्वालामुखी आणि वाऱ्याचा हिशोब

२० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन नावाच्या, तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला, ११ माणसं गेली आणि पुढे ८७ दिवस समुद्राच्या तळाशी, दीड किलोमीटर खोलीवर, तेल आणि गॅस बाहेर पडत राहिले. सगळ्यांचा एकच प्रश्न होता, रोज किती तेल जातंय? तिथं मीटर बसवायची काही सोयच नव्हती. सुरुवातीला रोज १,००० बॅरलचा आकडा सांगितला गेला, मग तो ५,००० झाला, आणि शेवटी सरकारी शास्त्रज्ञांनी नीट हिशोब लावला तेव्हा निघालं की सुरुवातीला रोज साधारण ६२,००० बॅरल जात होते आणि विहीर बंद व्हायच्या वेळी ५३,००० च्या आसपास. म्हणजे जगाला सांगितलेला आकडा खऱ्याच्या बाराव्या हिश्श्याइतका होता. अमेरिकेत दंड बॅरलवर ठरतो, त्यामुळं हा नुसता अभ्यासाचा विषय नव्हता, पुढं २०१५ मध्ये कोर्टाला किती बॅरल समुद्रात गेले ह्यावर वेगळा निकाल द्यावा लागला (३१.९ लाख बॅरल).

मग मोजलं कसं? पाण्याखालच्या रोबोटच्या कॅमेऱ्यात तेलाचा काळा लोट, म्हणजे प्लूम, दिसत होता. त्याच्या कडेला भोवरे, फुगवटे तयार होतात, ते एका फ्रेममध्ये इथं आणि पुढच्या फ्रेममध्ये तिथं, मग दोन फ्रेममधला वेळ माहीत असेल तर वेग काढता येतो. ऐकायला सोपं वाटतं पण गोची अशी की कॅमेऱ्याला फक्त बाहेरचा पापुद्रा दिसतो आणि लोटाच्या मधला भाग कडेपेक्षा कितीतरी जोरात जात असतो, शिवाय सॉफ्टवेअर बारीक, हळू सरकणाऱ्या भोवऱ्यांवर अडकून बसलं की वेग हमखास कमी येतो. दुसऱ्या एका टीमनं आवाज वापरला. ध्वनीलहरी लोटात सोडायच्या, त्या परत येताना त्यांची फ्रिक्वेन्सी किती बदललीय ते बघायचं आणि त्यावरून वेग काढायचा, सोनार ह्या प्रतिध्वनीवर चालणाऱ्या यंत्रानं लोटाची रुंदी मोजायची, आणि तेल किती नि गॅस किती हे सॅम्पल घेऊन ठरवायचं. गढूळ तेलात प्रकाश जात नाही पण आवाज जातो, म्हणून मला ही पद्धत जास्त पटते. त्यांचा आकडाही रोज ५०,००० बॅरलच्या वर आला.

आता जरा मूळ गोष्टीकडे येऊ. एखाद्या जागेतून गरम हवा, धूर, तेल, खारं किंवा गोडं पाणी, काहीही बाहेर पडतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा किंवा पाण्यापेक्षा हलकं किंवा जड असल्यामुळं वर किंवा खाली जातं, तो प्लूम. नुसत्या जोरानं बाहेर फेकलं गेलेलं असेल तर तो जेट. बहुतेक वेळा सुरुवातीला जेट असतो आणि थोडं पुढं गेलं की वजनातला फरक ताबा घेतो आणि त्याचा प्लूम होतो.

पण खरी गंमत आहे ती पुढं. प्लूम वर जाताना कडेच्या भोवऱ्यांनी आजूबाजूची हवा किंवा पाणी सारखं आत ओढत जातो. थोडं वर गेलं की प्लूममध्ये मूळ पदार्थ अगदी थोडा उरतो, बाकी सगळं ओढून घेतलेलं. हे ओढणं नक्की किती होतं हे एकेका भोवऱ्याचा हिशोब करून सांगायचं म्हटलं तर आजचे मोठे कॉम्प्युटरसुद्धा घाम गाळतात. १९५६ मध्ये मॉर्टन, जी. आय. टेलर आणि टर्नर ह्या तिघांनी एक पेपर लिहिला आणि त्यात टेलरची एक कल्पना वापरली: कुठल्याही उंचीवर बाजूनं आत येणाऱ्या हवेचा वेग हा त्या उंचीवर प्लूम ज्या वेगानं वर जातोय त्याच्या ठराविक पट असतो. बस, एवढंच. तो पट साधारण ०.१, म्हणजे दहावा हिस्सा. ह्या एका आकड्यावर प्लूमची सगळी रचना उभी राहते. त्यातून निघतं की प्लूम सरळ कोनात रुंद होत जातो, १०० मीटर वर गेला की त्याची त्रिज्या साधारण १२ मीटर, आणि आग लहान असो की मोठी, कोन तोच! उंची दुप्पट झाली की वर जाणाऱ्या हवेचं प्रमाण तिपटीहून जास्त होतं. मेणबत्तीच्या वर, जंगलातल्या वणव्यावर, समुद्राच्या तळाशी, सगळीकडे हेच गणित थोड्याफार फरकानं चालतं. इतकी साधी कल्पना आणि इतका मोठा पसारा, मला तरी ह्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

आता वातावरण काय किंवा समुद्र काय, सगळीकडे सारखा नसतो, थर असतात. खोल पाणी जड, वरचं हलकं. प्लूम तळातलं जड पाणी ओढून घेऊन वर जातो आणि एक वेळ अशी येते की आत जमलेलं मिश्रण आणि बाहेरचं पाणी ह्यांची घनता सारखी होते. मग वर ढकलणारं काही राहत नाही, थोडा आणखी वर जातो, परत खाली येतो आणि तिथंच आडवा पसरतो.

समुद्रतळावरचे गरम झरे हे ह्याचं उत्तम उदाहरण. १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिकमध्ये काळं पाणी ओकणाऱ्या चिमण्या सापडल्या, पाण्याचं तापमान ३५० अंशांच्या वर. वाटेल की हे पाणी सरळ पृष्ठभागापर्यंत येत असेल, पण नाही, दोन-तीनशे मीटर वर जाईपर्यंत त्यात जवळपास १०,००० पट समुद्राचं पाणी मिसळलेलं असतं आणि तापमानातला फरक अंशाच्या काही शतांश भागांवर येतो. मग शोधायचा कसा? जहाजातून केबलनं यंत्र सोडतात आणि जहाज हळूहळू पुढं जात असताना ते यो-योसारखं वर-खाली करत राहतात, तापमान, खारटपणा, गढूळपणा सगळं सतत नोंदलं जातं. गढूळपणाचा एक आडवा पट्टा दिसला की समजायचं, इथं जवळपास झरा आहे. त्याहून लांबचा माग काढायला हेलियम-३ वापरतात, पृथ्वीच्या पोटातून येणारा हा वायू कशाशीच रिॲक्शन करत नाही, नुसता पातळ होत जातो. लप्टन आणि क्रेग ह्यांनी १९८१ मध्ये दाखवलं की पूर्व पॅसिफिकमधल्या समुद्रतळावरच्या डोंगररांगेपासून हेलियम-३ चा एक पट्टा सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर पश्चिमेला २,००० किलोमीटर पसरलाय. तिथलं खोल पाणी कुठल्या दिशेनं वाहतं ह्याबद्दलच्या जुन्या समजुती त्यामुळं हलल्या.

मेक्सिकोच्या आखातातही हेच झालं बरं का. सगळं तेल वर आलं नाही. अगदी बारीक थेंब आणि विरघळलेले वायू साधारण १,१०० मीटर खोलीवरच अडकले आणि आडवे पसरले, सेंट्री नावाच्या स्वयंचलित पाणबुडीनं आपल्या आतल्या मास स्पेक्ट्रोमीटरनं (पाण्यात कुठले रेणू आहेत ते ओळखणाऱ्या यंत्रानं) तो पट्टा ३५ किलोमीटरपर्यंत शोधला. वरून विमानातून बघणाऱ्याला ह्यातलं काहीच दिसलं नसतं.

हाच नियम ज्वालामुखीला लावला की वेगळाच प्रॉब्लेम समोर येतो. थर असलेल्या वातावरणात प्लूम किती उंच जाणार हे उष्णतेच्या चौथ्या मुळावर अवलंबून असतं, म्हणजे उंची दुप्पट व्हायला स्फोट १६ पट मोठा लागतो. आता उलटं बघा. राख किती बाहेर पडतेय हे कोणी मोजू शकत नाही, उंची मात्र रडारनं मोजता येते, म्हणून उंचीवरून राख काढतात, आणि मग उंची मोजण्यात २० टक्के चूक झाली तर राखेचा आकडा थेट दुप्पट होतो. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडचा एयाफ्यातलायोकुत्ल फुटला आणि युरोपची विमानं बंद पडली तेव्हा लंडनच्या राख-सल्ला केंद्राचं मॉडेल अशाच उंचीच्या आकड्यांवर चालत होतं. त्यात जोराचा वारा असेल तर तो प्लूमला वाकवतो, प्लूम जास्त हवा ओढतो, उंची कमी भरते आणि स्फोट आहे त्यापेक्षा लहान वाटतो. २०२२ च्या जानेवारीत टोंगामधला हुंगा ज्वालामुखी फुटला तेव्हा तर नेहमीची पद्धतच कामी आली नाही. एरवी उपग्रहावरून ढगाच्या माथ्याचं तापमान बघून उंची काढतात, पण इतक्या वर हवा परत गरम व्हायला लागते त्यामुळं तापमानावरून काही कळेना. मग वेगवेगळ्या कोनातून बघणाऱ्या तीन उपग्रहांचे फोटो घेऊन, ढगाची जागा किती सरकलेली दिसते त्यावरून उंची काढली. ५७ किलोमीटर!

वर जाण्याचं एवढं झालं, आता वाऱ्याबरोबर वाहत जाण्याचं. चिमणीच्या धुराचा फोटो काढला तर तो फाटलेला, वाकडातिकडा दिसतो. पण तासभर शटर उघडं ठेवलं तर मधे दाट आणि दोन्ही बाजूंना विरळ होत जाणारा गुळगुळीत पट्टा मिळेल, घंटेच्या आकाराच्या आलेखासारखा. ह्यालाच गाउसियन प्लूम मॉडेल म्हणतात आणि प्रदूषणाचे कितीतरी सरकारी हिशोब आजही ह्याच्यावर चालतात. पण पट्टा किती रुंद होणार हे थिअरीनं पुरतं सांगता येत नाही, मोजावंच लागतं. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत नेब्रास्कामधल्या ओनील गावाजवळच्या सपाट गवताळ मैदानावर ते मोजलं गेलं. एका जागेवरून ठरलेल्या दरानं १० मिनिटं सल्फर डायऑक्साइड सोडायचा आणि ५०, १००, २००, ४०० आणि ८०० मीटरवर कमानीत लावलेल्या नळ्यांमध्ये किती पोचला ते बघायचं, दिवसा, रात्री, वेगवेगळ्या वाऱ्यात, साधारण ७० वेळा. आज एवढी मॉडेल्स आली तरी प्रत्येक नवीन मॉडेलला प्रेअरी ग्रास नावाच्या ह्या प्रयोगाच्या आकड्यांसमोर उभं राहावं लागतं. पुढं १९६१ मध्ये पास्क्विल ह्यांनी वारा, ऊन आणि ढग एवढंच बघून हवा किती अस्थिर आहे हे ए पासून एफ पर्यंतच्या वर्गात बसवायची पद्धत दिली. कडक ऊन असेल तर धूर वर-खाली हेलकावे खातो, रात्री स्थिर हवेत तो पातळ पट्ट्यासारखा कित्येक किलोमीटर जातो, आणि सकाळी ऊन पडलं की वर अडकलेला तोच धूर एकदम जमिनीवर येतो. चिमणीजवळ राहणाऱ्यांना अशी सकाळ सगळ्यात वाईट.

पण सरासरी ही सरासरीच असते हे विसरून चालत नाही, आणि इथं मला थोडं जोर देऊन सांगावंसं वाटतं. सरासरी सुरक्षित मर्यादेत असतानाही एका जागी काही सेकंद त्याच्या कितीतरी पट विषारी किंवा पेट घेणारा वायू येऊन जाऊ शकतो, मधे बराच वेळ काहीच नसतं. पेट घ्यायला एक क्षण पुरतो, त्याला तासाची सरासरी माहीत नसते. नर पतंगाला ह्याच फाटक्या गंधातून मादी शोधायची असते. गंधाचा तुकडा लागला की तो वाऱ्याच्या उलट पुढं झेपावतो, हरवला की आडवा फिरत शोधतो. हळूहळू वाढत जाणारा वास असा काही तिथं नसतोच.

लांबच्या अंतरासाठी मग गाउसियन सोडून हवामानाच्या मॉडेलच्या वाऱ्यात हजारो-लाखो काल्पनिक कण सोडतात आणि त्यांचा माग काढतात. चेर्नोबिलनंतर ब्रिटिश हवामान खात्यानं केलेलं नेम हे मॉडेल असंच. हे बरोबर चालतं का ते बघायला ऑक्टोबर १९९४ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनीमधून १२ तासांत ३४० किलो निरुपद्रवी ट्रेसर वायू, म्हणजे माग काढण्यासाठीच वापरतात तो, सोडला आणि १७ देशांतल्या १६८ केंद्रांवर तो पकडला. निसर्गात तो जवळजवळ नसतोच, त्यामुळं अगदी कणभर सापडला तरी आपलाच.

हल्ली सगळ्यात जास्त चर्चा असते ती मिथेनच्या गळतीची. इथं प्लूम आधी दिसतो आणि स्रोताचा हिशोब मागून करायचा असतो. लॉस एंजेलिसजवळच्या अलिसो कॅन्यनच्या भूमिगत साठ्यातून २०१५-१६ मध्ये गॅस गळत होता तेव्हा विमान वाऱ्याच्या खालच्या बाजूला वेगवेगळ्या उंचीवर आडवं नेऊन हवेतलं मिथेन मोजलं, त्याला वाऱ्याच्या वेगानं गुणलं आणि एकूण ९७,१०० टन गेल्याचा अंदाज काढला. आता हेच काम अवकाशातून होतं. नासाचं एमिट हे यंत्र २०२२ मध्ये अवकाश स्थानकावर गेलं ते खरं तर धुळीतली खनिजं ओळखायला, पण मिथेन इन्फ्रारेड प्रकाशाचे ठराविक रंग शोषतं त्यामुळं त्याच यंत्राला मिथेनचे लोटही दिसले, पहिल्या काही महिन्यांतच ५० हून जास्त मोठे स्रोत.

मात्र उपग्रह वेग मोजत नाही. त्याला फक्त एका क्षणी हवेत किती मिथेन आहे तेवढं दिसतं, ताशी किती टन हे काढायला वाऱ्याचा वेग बाहेरून आणावा लागतो, आणि सेकंदाला २ मीटरच्या जागी ३ मीटर धरला की गळती दीडपट दिसते. म्हणून परत प्रेअरी ग्रासवाली युक्ती: २०२१ मध्ये ॲरिझोनात मीटर लावून मिथेन सोडलं आणि उपग्रहांचा डेटा वाचणाऱ्या टीम्सना किती सोडलंय ते सांगितलंच नाही. त्यांनी काढलेल्या आकड्यांपैकी तीन चतुर्थांश आकडे खऱ्याच्या ५० टक्के वर-खाली ह्या पट्ट्यात आले, म्हणजे विमानातून मोजणाऱ्या तंत्रांच्या जवळपास बरोबरीनं, आणि पकडलेली सगळ्यात लहान गळती होती तासाला २०० किलोची.