अन्नसाहाय्य योजनांची विभागीय फेररचना (मराठवाडा)

रेशनचे धान्य, शाळेतली खिचडी, अंगणवाडीचा आहार या योजना राज्य शासनाच्या कोणत्या विभागाने चालवायच्या, ही वाटणी बदलणे म्हणजे विभागीय फेररचना. संविधानाच्या अनुच्छेद 166(3) प्रमाणे राज्यपाल कार्यनियमावली करतात आणि तिच्यानुसार विषय नेमून दिले जातात. त्यामुळे खाते बदलायला विधिमंडळात वेगळा कायदा लागत नाही. मराठवाड्यापुरता सर्वांत मोठा बदल मात्र खात्याचा नव्हे, राजधानीचा होता: 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा प्रदेश हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, 2013 राज्यात 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. कायदा एक, पण कारभार तीन घरचा. रास्त भाव दुकाने अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाकडे, अंगणवाडीचा आहार महिला व बाल विकासकडे, शालेय पोषण आहार शालेय शिक्षणाकडे. किनवट-माहूरच्या आदिवासी भागात अमृत आहार योजना अंगणवाडीतूनच चालते, पण ती आदिवासी विकास विभागाची. (अन्न व औषध प्रशासनाचा या वाटपाशी संबंध नाही, नावामुळे अनेकांची गफलत होते.)

मंत्रालयातल्या वाटणीपेक्षा जिल्ह्यातली फाळणी अधिक खोल आहे. रेशनची साखळी महसुली आहे: जिल्हाधिकारी, जिल्हा पुरवठा अधिकारी, तहसीलदार, गोदामपाल. ग्रामीण भागातला शाळा-अंगणवाडीचा आहार जिल्हा परिषदेच्या वाटेने जातो. वरचे खाते बदलले तरी या दोन वाटा आपोआप एक होत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांना हे दर हंगामात जाणवते. शिधापत्रिकेवरचे धान्य पोर्टेबिलिटीमुळे कारखान्याच्या गावी, अगदी कर्नाटकातही उचलता येते. लेकराचा आहार मात्र गावच्या शाळेच्या आणि अंगणवाडीच्या पटाला बांधलेला असतो. फेररचनेच्या चर्चेत हा मुद्दा पहिला यायला हवा. तो सहसा येतच नाही.

खाते तेच राहून कामाचे स्वरूपच बदलल्याचे उदाहरणही इथलेच. शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत मराठवाड्याचे आठही जिल्हे येतात. तेथील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांना 2015 पासून माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळे, गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलोने. 2022 मध्ये केंद्राकडून या योजनेसाठी धान्य मिळणे थांबले. 2023 मध्ये राज्याने धान्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये थेट बँक खात्यात देण्याचे ठरवले; पुढे ही रक्कम 170 रुपये झाली. योजना पुरवठा विभागाकडेच राहिली. पण पोती मोजणाऱ्या तहसीलच्या पुरवठा शाखेला आता खातेक्रमांक आणि आधार जोडणी तपासावी लागते, आणि या कुटुंबांच्या धान्यावर कंट्रोलच्या दुकानदाराला मिळणारे कमिशनही गेले.