शून्य दाबून बाहेरची लाइन: ठाणे-बेलापूर पट्ट्यातील ईपीएबीएक्सची पार्श्वभूमी

आधी शून्य दाबायचा, बाहेरचा टोन आला की नंबर लावायचा. ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजची पेटी; तिच्यामुळे लागलेली ही सवय टंचाईतून पडली. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने वाढत होते, तेव्हा नव्या टेलिफोन जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. मिळालेल्या दोन-तीन लाइन सगळ्या खात्यांत वाटून वापरण्यावाचून इलाज नव्हता. सुरुवातीला हे काम बोर्डावरचा ऑपरेटर दोऱ्या खुपसून करी.

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. १२८ पोर्टचे (जोडणीच्या जागांचे) पीबीएक्स, म्हणजे कार्यालयाचे खासगी एक्स्चेंज, हे तिच्या पहिल्या उत्पादनांपैकी एक. त्याच सुमारास ग्राहकाच्या जागेत बसणारी टेलिफोन उपकरणे बनवायला खासगी कारखान्यांना परवानगी मिळाली आणि छोट्या पेट्याही बाजारात आल्या. ‘३०८’ म्हणजे ३ बाहेरच्या लाइन आणि ८ एक्स्टेन्शन (आतले फोन). दुकानदार आजही असेच आकडे सांगतात.

एसटीडी लॉक, म्हणजे बाहेरगावचे कॉल अडवणे, ही मालकांची सर्वांत लाडकी सोय. १ एप्रिल १९८६ पासून ठाणे आणि नवी मुंबई एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीच्या क्षेत्रात, कोड ०२२. शेजारच्या कल्याणचा मात्र ०२५१. बाहेरच्या टोननंतर शून्याने सुरू होणारे सगळे नंबर अडवले, की दहा-बारा किलोमीटरवरचा ग्राहकही अडायचा. म्हणून पुढे ठरावीक आकड्यांपुरती मुभा आणि प्रत्येक एक्स्टेन्शनला वेगळी श्रेणी देणे आले.

कॉल ट्रान्सफरमागे फ्लॅशची, म्हणजे लाइन क्षणभर तोडण्याची, युक्ती आहे. साध्या फोनला पेटीशी बोलायचे तर तारांच्या जोडीतला प्रवाह क्षणभर तोडण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही, आणि पेटी त्या तुटीची लांबी मोजते. जुन्या तबकडीच्या फोनच्या पल्स डायलिंगमध्ये ‘१’ हा आकडाही अशीच एक तूट, साधारण ६० मिलिसेकंदांची. त्यामुळे १०० मिलिसेकंदांचा फ्लॅश देणारा फोन ६०० ची वाट पाहणाऱ्या पेटीला लावला, तर ती त्याला ‘१’ समजू शकते किंवा दुर्लक्ष करते. तूट फार लांबली, तर रिसीव्हर ठेवला असे धरून कॉल तोडते. ‘ट्रान्सफर होत नाही’ अशी तक्रार आली, की आधी फोनच्या तळाशी फ्लॅशचे बटण किंवा सेटिंग आहे का ते पाहावे. पेटीतले सर्किट कार्ड बदलणे हा शेवटचा आणि बहुधा वाया जाणारा खर्च.

ऑटो अटेंडंटने, म्हणजे आपोआप फोन उचलून कॉल पुढे जोडणाऱ्या ध्वनिमुद्रित आवाजाने, ऑपरेटरची जागा घेतली आणि नवे दुखणे आणले. पलीकडच्याने फोन ठेवला हे साध्या लाइनवर पेटीला आपोआप कळत नाही. एक्स्चेंजने लाइनची ध्रुवता (धन-ऋण टोके) उलटवली तर कळते, नाहीतर बिझी टोन ऐकून ओळखावे लागते. आपला बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. अमेरिकन सेटिंगवर आलेली पेटी तो ओळखत नाही, लाइन अडकून राहते आणि बाहेरून फोन करणाऱ्याला कार्यालय सतत व्यग्र लागते. डिसा म्हणजे बाहेरून फोन करून आत शिरायची सोय. ती सोपा पासवर्ड ठेवून उघडी सोडली, तर परदेशी कॉलचे बिल कंपनीच्या माथी बसते.

ऐरोली-महापेच्या कॉल सेंटरांना सुट्या लाइन पुरणे शक्य नव्हते. त्यांनी पीआरआय ही डिजिटल लाइन घेतली: २.०४८ मेगाबिट प्रति सेकंदाच्या एका दुव्यावर ३० संभाषणे, प्रत्येक टेबलाला थेट नंबर, आणि कॉल तुटल्याचा स्पष्ट निरोप वेगळ्या सिग्नल वाहिनीवरून. बिझी टोन ऐकत बसणे तिथेच संपले. इंटरनेटवरचा आवाज सार्वजनिक टेलिफोन जाळ्यात मिसळण्यावर मात्र कडक बंधने होती, म्हणून एकाच पेटीत दोन्हींची तार्किक फाळणी, म्हणजे ते एकमेकांत मिसळणार नाहीत अशी सेटिंगमधली विभागणी, करावी लागे. नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ च्या नियमांनी अशा केंद्रांना बरीच मोकळीक दिली.

आता नव्या जोडण्या बहुतेक फायबरवर, सिप ट्रंकच्या, म्हणजे इंटरनेट पद्धतीने आवाज नेणाऱ्या. जुन्या चांगल्या पेट्यांत वीज गेली की पहिली लाइन रिलेमार्गे (आपोआप बदलणाऱ्या स्विचने) थेट एका ठरलेल्या एक्स्टेन्शनला जोडली जाई. फोनला लागणारी वीज एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून येई. आयपी फोनला ती सोय नाही. तिथे स्विच, राउटर आणि फायबरचा ओएनटी (फायबर जिथे संपते ती छोटी पेटी) हे तिन्ही यूपीएसवर हवेत. ओएनटी बहुधा दाराजवळच्या साध्या प्लगलाच राहून जातो, आणि बॅटरी भरलेली असूनही फोन मुके होतात. लिफ्टमधल्या फोनसाठी तर ही तपासणी मुख्य वीज प्रत्यक्ष बंद करूनच करावी.