गस्ती वाहने, पोलिसांची (नागपूर)

ठरवून दिलेल्या हद्दीत फिरत राहणारे आणि नियंत्रण कक्षाचा निरोप मिळताच घटनास्थळी धावून जाणारे पोलिसांचे वाहन. नागपुरात बोलेरो असो वा स्कॉर्पिओ, लोक त्याला सरसकट ‘पीसीआर’ (पोलीस कंट्रोल रूम) म्हणतात आणि नियंत्रण कक्षाला नुसते ‘कंट्रोल’.

गस्तीच्या मोटारीला खरे बळ दिले ते बिनतारी संदेशयंत्राने. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी १९२८ मध्ये मोटारींत रेडिओ बसवले, पण ते एकतर्फी होते. शिपायाला हुकूम ऐकू येई, उत्तर देता येत नसे. १९३३ मध्ये न्यू जर्सीतील बेयॉन येथे दुतर्फा बोलणे शक्य झाले. आजही नेटवर्क नसलेल्या ठिकाणी वायरलेसचाच आधार असतो, त्यामुळे नव्या गाड्यांतही तो संच कायम आहे.

हल्लीच्या गाडीतील सर्वांत मोलाचे उपकरण मात्र दिसायला साधे आहे : डॅशबोर्डजवळ बसवलेला टॅबलेटसारखा पडदा, म्हणजे मोबाइल डेटा टर्मिनल. ‘डायल ११२’ ही आपत्कालीन सेवा महाराष्ट्रात २०२१ पासून चालते. तिचे मुख्य संपर्क केंद्र नवी मुंबईत आणि दुसरे नागपुरात आहे. फोन आला की केंद्रात घटनेची नोंद होते, फोन करणाऱ्याचे अंदाजे ठिकाण नकाशावर येते आणि जीपीएसमुळे कोणती गाडी सर्वांत जवळ आहे हे दिसते. निरोप थेट त्या गाडीच्या पडद्यावर उमटतो. पथक तो स्वीकारते, पोहोचल्याचे कळवते आणि काय कारवाई केली ते नोंदवते. प्रत्येक टप्प्याची वेळ आपोआप टिपली जाते. पोलीस किती वेळात आले, हा प्रश्न पूर्वी तक्रारदाराचे घड्याळ आणि पोलिसांची डायरी यांच्यातला वाद होता. आता त्याला मोजता येणारे उत्तर आहे. कॅमेऱ्यांची चर्चा जास्त होते, पण संकटातल्या माणसाच्या दृष्टीने मोठा बदल हाच.

टपावरील दिव्यांनाही कायद्याचा आधार आहे. १ मे २०१७ पासून मंत्री आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरील लाल दिवे गेले. लाल, निळा व पांढरा असा बहुरंगी दिवा पोलीस, अग्निशमन अशा आपत्कालीन कामावरील वाहनांपुरता राहिला.

भरधाव वाहने टिपणाऱ्या महामार्ग पोलिसांच्या ‘इंटरसेप्टर’ गाड्या हा वेगळा प्रकार. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि विदर्भातल्या चालकांना ताशी १२० किमीची मर्यादा परिचयाची झाली. या वेगाने मोटार सेकंदाला सुमारे ३३ मीटर जाते, म्हणून तिथे डोळ्यांच्या अंदाजावर विसंबून चालत नाही. इंटरसेप्टरमधील लेझर स्पीडगन अवरक्त किरणांचे अतिशय छोटे स्पंद सोडते, ते परत यायला लागणाऱ्या वेळावरून अंतर काढते आणि अंतर किती झपाट्याने बदलते यावरून वेग ठरवते. लेझरचा झोत अरुंद असल्याने गर्दीतून नेमके एक वाहन हेरता येते. रडारचा झोत पसरट असतो. नेम सरळ न धरता कोनात धरला, तर उभ्या गाडीतून मोजलेला वेग खऱ्यापेक्षा थोडा कमीच भरतो, म्हणजे चूक झालीच तर चालकाच्या बाजूने. याच गाडीत श्वासातील मद्य तपासणारे यंत्र असते. कायद्याची मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम. काच किती काळी आहे हे पाहणारा टिंट मीटरही असतो. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे.

नंबरप्लेट आपोआप वाचणारा कॅमेरा आधी पाटी शोधतो, मग अक्षरे ओळखतो आणि तो क्रमांक नोंदींशी ताडून पाहतो. ‘४१४१’ आकडे वळवून ‘दादा’ लिहिण्याची आपल्याकडची हौस इथे आडवी येते. पाटीवर इंग्रजी अक्षरे आणि आकडे ठरावीक आकारातच हवेत, असा नियम आहे. २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या उच्च सुरक्षा पाट्यांमुळे कॅमेऱ्याचे काम सोपे झाले आहे.

नागपूरची स्वतःची परीक्षाही आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापते, पडदे काळवंडतात, बॅटऱ्यांचे आयुष्य घटते. इतवारी आणि महाल भागांतल्या गल्ल्यांत मोठी गाडी शिरतच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत तर शक्यच नाही. तिथे दुचाकीवरून गस्त घालणारे शिपाई, म्हणजे बीट मार्शल, आणि चौकाचौकांतील सीसीटीव्ही यांवरच भिस्त असते. यंत्रे खरेदी करताना हा भूगोल आधी पाहायला हवा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक आहे. त्यामुळे चित्रण हे आता पथकाच्या रोजच्या कर्तव्यात आले आहे. न्यायालयात ते मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि फाइलीत फेरफार झाला नसल्याचे दाखवणारे हॅश मूल्य (फाइलीवरून गणिताने काढलेला तिचा जणू ठसा) त्यात द्यावे लागते. मात्र कॅमेरा निरपराध माणसांच्या हालचालीही टिपतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. म्हणून अशा नोंदी किती काळ ठेवायच्या आणि कोणी पाहायच्या, याचे नियम पोलिसांनी लोकांपुढे ठेवले पाहिजेत.

फिरती न्यायवैद्यक व्हॅन ही गस्तीच्या गाडीची नव्या काळातली जोडीदार आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, असे त्याच संहितेचे कलम १७६ सांगते. गस्ती पथक आधी पोहोचते. व्हॅन येईपर्यंत जागा दोरी बांधून अस्पर्श ठेवणे हे त्याचे काम.