झिपीज फ्रेंड्स

पाच ते सात वर्षांच्या मुलांना अडचणींना तोंड द्यायला आणि इतरांशी जुळवून घ्यायला शिकवणारा शालेय कार्यक्रम. त्याची मुळे आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या ‘बिफ्रेंडर्स इंटरनॅशनल’ या संस्थेत आहेत. खचलेल्या तरुणांना धीर देणाऱ्यांनाच, ही शिकवण पहिली-दुसरीत मिळायला हवी असे वाटले. डेन्मार्क आणि लिथुआनियातील शाळांत सुरुवातीच्या चाचण्या झाल्या. २००१ पासून लंडनच्या ‘पार्टनरशिप फॉर चिल्ड्रन’ या संस्थेने त्याची धुरा घेतली आणि तो अनेक देशांत पोहोचला.

कार्यक्रमातल्या गोष्टींमधला झिपी हा काडीकीटक, म्हणजे वाळक्या काडीसारखा दिसणारा किडा. त्याच्या सवंगड्यांत लीला नावाची मुलगीही आहे. भावना, संवाद, मैत्री, भांडण मिटवणे, बदल व वियोग आणि शेवटी या सगळ्याची उजळणी असे सहा भाग असून प्रत्येकात चार तास घेतले जातात. वर्गशिक्षक गोष्ट वाचून दाखवतात. मग चित्रे, खेळ, नाट्यछटा.

शिक्षकाने उत्तर सांगायचे नाही, हा यातला खरा अवघड भाग. मैत्रिणीने खेळात घेतले नाही तर काय करशील, याची उत्तरे मुलेच शोधतात. उपाय पारखायच्या कसोट्या दोनच : त्याने मला बरे वाटेल का, आणि त्यातून मला किंवा दुसऱ्याला इजा तर होणार नाही ना? ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ या शिस्तीत मुरलेल्या शिक्षकाला गप्प बसणे जड जाणारच.

पाचव्या भागात मृत्यूचा विषय येतो. झिपी मरतो, आणि मुलांना दफनभूमीतही नेले जाते. एवढ्या लहान वयात हे कशाला, असा प्रश्न मोठ्यांनाच पडतो. आजी गेल्यावर ‘देवाघरी गेली’ एवढ्यावर विषय संपवणाऱ्या घरांतही मुलांचे प्रश्न काही संपत नाहीत.

डेन्मार्क आणि लिथुआनियातील मुलांवर ब्रायन मिशारा आणि मेटे इस्टगार्ड यांनी केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची अडचणी हाताळण्याची आणि मिळूनमिसळून राहण्याची कौशल्ये सुधारली, आक्रस्ताळेपणा व चंचलता कमी झाली. मात्र आतल्या आत कुढणाऱ्या मुलांच्या त्रासात फरक दिसला नाही.